बाहेरचं पाणी

५ जुलै

मामा,

आधी नीट बस, आणि ऑफिसात असशील तर दार लावून घे. तू ओरडणार आहेस.

करडी मोठ्या शर्यतीला पात्र ठरली! काल इकडच्या निवड शर्यतीत पहिली आली. नुसती पहिली नाही, दुसरा घोडा कुठे राहिला ते बघायला जॉकीला मान मागे वळवावी लागली. आई नेहमीसारखी डोळे मिटून बसली होती. लोक ओरडायला लागल्यावर मला विचारते, "पडली का गं?" मी म्हटलं, "आई, जिंकली." तर म्हणते, "मग एवढे ओरडतायत कशाला, बुजेल ना ती."

म्हणजे आता आम्ही तुझ्या मैदानावर येणार. तू तिथला चिटणीस, आणि मी बाबांनंतर स्वतःच्या नावावर परवाना मिळवलेली ट्रेनर. बाबा किती वर्षं त्या शर्यतीला घोडे घेऊन आले ते माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत. तू तेव्हा आमच्याच तबेल्यात राहायचास आणि घोड्यांना खरारा करता करता मला लगाम धरायला शिकवायचास. दर वर्षी बाबांना बाहेरगावचे म्हणून सगळ्यात कडेची जागा, वर जास्तीचं वजन. एकदा पहिला नंबर आला की तबेल्याला मैदानावर कायमचं ठाण मिळतं आणि मग कोणी बाहेरगावचं म्हणत नाही, एवढ्यासाठी ते झुरत राहिले. ते काही झालं नाही.

माझ्याकडेही वेळ नाही. शर्यत सात वर्षांपर्यंतच्याच घोड्यांची, आणि करडीला सातवं चालू आहे. या वर्षी झालं तर झालं. तिच्यासारखी दुसरी आपल्या तबेल्यात नाही, आणि पुन्हा होईल असं मला वाटत नाही.

बाहेरगावच्यांसाठी यंदा काय काय नियम आहेत ते आत्ताच कळव. ऐन वेळी काहीतरी उकरून काढता तुम्ही लोक. 'तुम्ही लोक' म्हणजे तू नाही, तुझी कमिटी.

तुझी भिंगरी

*

१५ जुलै

भिंगरे,

दार लावलं नव्हतं. ओरडलो. शिपाई धावत आला, त्याला वाटलं मला झटका आला. मग त्याला बसवून तुझं अख्खं पत्र वाचून दाखवलं, बिचाऱ्याला घोड्यातलं काही कळत नसताना.

ताईला सांग, तिच्या भावाची मान एवढी ताठ झालीय की शर्टाचं वरचं बटण लागत नाही. भाऊजी असते तर त्यांनी काय केलं असतं? काहीही नाही. "बरं" म्हणाले असते आणि घोडीच्या पायाला हात लावून बघायला गेले असते.

नियमांचं म्हणशील तर कडेची जागा आणि जास्तीचं वजन आहेच, ते काही तुझ्या मामाच्या हातात नाही. नवी पुस्तिका पुढच्या महिन्यात कमिटीपुढे येईल. गेल्या वर्षी बाहेरचा घोडा कप घेऊन गेला, तेव्हापासून आमच्या अध्यक्षांचं कशातच लक्ष लागत नाही. त्यांचा स्वतःचा घोडा दुसरा आला होता. त्याचे इतके लाड चालतात की तबेल्यातले लोक त्याला जावईबापू म्हणतात. जावईबापूंना यंदा पुन्हा उतरवणार आहेत. तेव्हा कमिटीत थोडी धुसफुस असणार, तू मनावर घेऊ नकोस.

तू एवढंच कर. करडीचं सगळं मला लिहून पाठव. काय खाते, काय पिते, प्रवासात कशी वागते, कशाला बुजते. मी इथे आधीपासून सोय करून ठेवतो. नाहीतर घरचा माणूस इथे असून उपयोग काय?

तुझा मामा

*

२४ जुलै

मामा,

तुझ्या प्रश्नांनी आई हसायला लागली. म्हणाली, "स्थळ बघायला आल्यासारखं विचारतोय." पण मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बाबा गेल्यावर करडीबद्दल असं कोणी खोदून विचारलंच नाही. लोक विचारतात ते एवढंच, पळते किती.

तर मुलीची माहिती अशी. चंदी जी द्याल ती खाते, तक्रार नाही. उजव्या बाजूला कोणी छत्री उघडली तर बुजते. गाडीत उभी राहून झोपते. खरी अडचण एकच आहे, आणि ती आई, मी आणि घोडे सांभाळणारा आपला मोतद्दार सोडून कोणाला माहीत नाही. लिहू की नको असा विचार करत होते, पण आई म्हणाली, "मामाला नाही सांगायचं तर कोणाला?"

करडी बाहेरचं पाणी पीत नाही. आपल्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, तुला आठवतच असेल. आमचं काय, आम्ही तोंड वाकडं करत पितो. ती जन्मापासून तेच प्यालीय. पहिल्यांदा तिला बाहेरच्या शर्यतीला नेलं तेव्हा गोड्या पाण्याची बादली समोर ठेवली, तर हुंगून बाजूला झाली. आम्हाला वाटलं नखरे करतेय, तहान लागली की पिईल. नाही प्यायली. जेमतेम ओठ ओले केले. दुसऱ्या दिवशी निम्म्या शर्यतीतच तिची हवा गेली आणि शेवटून दुसरी आली. बाबांनी तिच्या मानेला चिमटा घेतला, कातडी वर तशीच उभी राहिली, आणि त्यांना कळलं, अंगातलं पाणी आटलंय. तेव्हापासून जाऊ तिथे आमची पिंपं बरोबर. लोकांना वाटतं ट्रेनरबाई शहाण्या दिसतात, आंघोळीलासुद्धा घरचं पाणी आणतात.

एवढी एक गोष्ट सांभाळली की बाकी तिला अडवणारं कोणी नाही, तुमचे जावईबापूसुद्धा नाहीत. तेव्हा मला पिंपं ठेवायला सावलीतली जागा हवी. एवढीच सोय कर.

तुझी भिंगरी

ता.क. आई म्हणते, मुलगी पसंत असेल तर लवकर कळवा.

*

९ ऑगस्ट

भिंगरे,

उशीर झाला, रागावू नकोस. पुस्तिकेच्या कामात मान वर करायला सवड नाही. पाण्याचं लक्षात ठेवलंय. आणखी कोणाला बोलू नकोस, लोक फार वाईट असतात.

ताईची गुडघेदुखी कशी आहे?

मामा

*

१२ सप्टेंबर

मामा,

तुझ्या कमिटीची नवी पुस्तिका आठवड्यापूर्वी आली. तुझ्या सहीची आहे, म्हणजे तू वाचली असशील, तरी मी पुन्हा लिहिते.

बाहेरगावच्या घोड्यांनी शर्यतीच्या आठवडाभर आधी मैदानावरच्या तबेल्यात दाखल व्हायचं. ठीक. आम्ही आजवर आदल्या दिवशी यायचो, यंदा आठवडाभर आधी येऊ. पण पुढचं वाच. मैदानावरच्या कुठल्याही घोड्याला बाहेरून आणलेली चंदी किंवा बाहेरून आणलेलं पाणी देता येणार नाही. सापडलं तर घोडा बाद आणि परवाना रद्द. कारण काय, तर उत्तेजक औषधांना आळा.

पाणी, मामा! इतक्या वर्षांत कधी कोणाच्या डोक्यात आलं होतं पाणी? चंदीचं मी समजू शकते, चंदीत लोक काय काय घालतात. पण पाणी घेऊन फिरतं कोण? मी सोडून कोण?

आणि भाषा बघ किती साळसूद. 'हा नियम सर्व घोड्यांना समान लागू राहील.' जावईबापूंना काय त्याचं? ते त्याच मैदानावर जन्मले, तेच पाणी पिऊन वाढले. त्यांनी बाहेरचं पाणी कशाला आणावं? आधी वजन वाढवलं, मग कडेला उभं केलं, आता पाणी तोडलं. सरळ एक पाटी लावा ना फाटकावर, बाहेरगावच्यांनी येऊ नये म्हणून. तेवढं तरी खरं बोलल्यासारखं होईल.

बातमी बाहेर कशी गेली? मोतद्दाराला मी इतकं फैलावर घेतलं की तो रडला. कुलदैवताची शपथ घेऊन म्हणाला मी नाही. तरी आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही.

तू आहेस म्हणून मला धीर आहे. तू कमिटीत हरकत घे. म्हणावं, आमची पिंपं तपासा, सील करा, तुमच्या डॉक्टरला त्यातलं रोज एक भांडं प्यायला द्या. आम्हाला चालेल. आणि ते नाही जमलं तर तुमच्या नळाचं एक पिंप इकडे पाठव, म्हणजे आतापासून थोडं थोडं मिसळून तिला सवय लावते. इकडच्या नदीचं पाणी वापरून पाहिलं, पण तुमच्या पाण्याला औषधाचा वास असतो, तो कुठून आणू?

भिंगरी

*

२० सप्टेंबर

भिंगरे,

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही.

मी बोललो. खरंच बोललो. पण एकटा पडलो. कमिटीत दहा डोकी आणि दहाही अध्यक्षांच्या तोंडाकडे बघणारी. त्यांचं म्हणणं एवढंच की नियम सगळ्यांना सारखा आहे, मग तक्रार कसली? आणि खरं सांगू, कागदावर तो सारखाच आहे. मी काय उत्तर देणार?

एक वाट आहे. अध्यक्षांनी आपणहून सुचवली. करडी त्यांच्या तबेल्याच्या नावावर कर. मग ती बाहेरगावची राहत नाही, कडेची जागा नाही, जास्तीचं वजन नाही. आतापासून इथे आणून ठेवली तर पाण्याचीही सवय होईल. तुला ते मदतनीस म्हणून ठेवून घेतील, राहायची सोयही करतील. शर्यत जिंकली तर करडीचं नाव होईलच ना? घोडीला काय कळतं मालक कोण?

शांत डोक्याने विचार कर. मोतद्दाराला उगाच बोलू नकोस, जुना माणूस आहे.

मामा

*

११ ऑक्टोबर

मामा,

रागाने उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून थांबले. घोडी देणार नाही. मदतनीस होऊन मला माझ्याच घोडीला खरारा करायचा नाही. तू माझ्या काळजीने लिहिलंस हे मला समजतं, पण हा विषय पुन्हा नको. घोडीला कळतं मालक कोण, तूच मला लहानपणी सांगायचास.

आता चांगली बातमी. नदीचं पाणी ती प्यायला लागली! रोज आपल्या पाण्यात वाटीभर मिसळत गेले, मग तांब्याभर, मग निम्मं. थोडी साखर घातली. तिला फसवताना मलाच लाज वाटत होती, पण प्यायली. काल पहिल्यांदा नुसतं नदीचं प्यायली, हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि प्यायली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. मोतद्दारही रडला. आमचं आता पुन्हा बोलणं आहे, मी त्याची माफी मागितली.

तुझ्याकडचं पिंप आलं नाही. गाडी मिळाली नसेल, कळतंय. आता वेळही नाही. औषधाचा वास तेवढा राहिला, तो तिथे आल्यावर बघू.

आम्ही येतोय. तू एकटा पडलास म्हणालास ते मनाला फार लागलं. तुझ्या नोकरीची जागा, तुझे वरिष्ठ, आणि तरी तू आमच्यासाठी तोंड उघडलंस. शर्यत हरो की जिंको, हे मी विसरणार नाही.

तुझी भिंगरी

*

१६ नोव्हेंबर, मैदानावरून

आई,

मोतद्दाराला हे पत्र देऊन घरी पाठवतेय. त्याला इथे ठेवण्यात अर्थ नाही. सारखा म्हणतो, "ताई, फाटकावरचा पहारेकरी आपल्या बाजूचा आहे, रात्री एक पिंप आत घेतो." आमची पिंपं फाटकाबाहेर गाडीत भरलेली उभी आहेत, आई. इथून दिसतात. मी त्याला नाही म्हटलं. सापडलो तर परवाना जाईल ते एक, पण त्याहून वाईट म्हणजे मग सगळे म्हणतील, बघा, बाहेरगावचे लबाडच. हे सुख मी त्यांना देणार नाही.

करडी पीत नाही. पहिल्या दिवशी बादलीत तोंड घातलं आणि वासाने मागे सरली. तेव्हापासून दिवसाकाठी चार घोट, ते पण मी हाताच्या ओंजळीतून पाजते. चंदी भिजवून भिजवून घालते म्हणून उभी तरी आहे. चिमूटभर मीठ घालू का विचारलं, म्हणजे आपल्या पाण्यासारखं लागेल. तर म्हणाले, पाण्यात काहीही घालणं हाच गुन्हा. मामा आला होता एकदाच, पहिल्या दिवशी, लोकांसमोर. पाठीवर थोपटून गेला. माझ्या नाही, करडीच्या.

आता लिहिते ते बसून वाच.

इथले घोड्यांचे डॉक्टर सभ्य आहेत. रोज येतात, करडीला बघून हळहळतात. आज मी त्यांना म्हटलं, "माझ्या मामांनी कमिटीत किती विरोध केला, तुम्ही होता ना त्या बैठकीला?" त्यांना नवल वाटलं. मग हसून म्हणाले, "विरोध? अहो, तुमच्या मामांचं डोकं म्हणजे काय! मसुद्यात नुसती चंदीच होती. तेच उठले आणि म्हणाले, पाणीही घाला. मी म्हटलं, पाणी कोण आणतंय? तर म्हणाले, असतात काही काही. नियम पक्का हवा."

त्यांना माहीतच नव्हतं, आई. ते मला खूश करायला मामाचं कौतुक करत होते.

मी म्हटलं, "हो, हुशारच आहेत," आणि बादली उचलून मागे गेले.

ते पत्र मी त्याला जुलैत लिहिलं. 'सगळं लिहून पाठव' म्हणाला होता. सावलीतली जागा मागितली होती मी, सावली! एकटा पडलो म्हणाला आणि मी त्याचे आभार मानत बसले. ज्या माणसाने काही केलं नव्हतं त्या मोतद्दाराला रडवलं मी. फसलेल्या माणसाला लोक म्हणतात, मामा झाला. आमच्यात कोण कोणाचा काय झाला ते तूच सांग.

दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी भांडले असते. अध्यक्षांशी भांडले असते, अख्ख्या कमिटीशी भांडले असते. इथे भांडायला तोंडच उघडत नाही. ज्याने मला घोड्यावर बसवलं त्याने असा केसाने गळा कापावा? आई, त्याला आपलं काय कमी पडलं होतं?

शर्यत परवा आहे. करडीच्या मानेला चिमटा घेतला की कातडी वर तशीच राहते. पळवली तर पळेल, मला माहीत आहे. मी सांगितलं तर ती मरेपर्यंत पळेल. तेच मला करवत नाही.

काय करू ते विचारत नाही, मला माहीत आहे. फक्त तू जागी असशील असं वाटून लिहिलं.

तुझी

*

१८ नोव्हेंबर

माननीय चिटणीस, शर्यत समिती यांस,

माझ्या तबेल्याची करडी घोडी मी आजच्या शर्यतीतून मागे घेत आहे. घोडी आजारी नाही. तिला तहान लागली आहे.

आपल्या नियमानुसार मैदानाच्या आत तिला तिचं पाणी देता येत नाही, म्हणून तिला फाटकाबाहेर नेण्याची परवानगी आत्ताच मिळावी. बाहेर आमची पिंपं उभी आहेत.

आपण सही करावी आणि कागद शिपायाबरोबर पाठवावा. आपण स्वतः येऊ नये.

परवानाधारक ट्रेनर

*

२ डिसेंबर

भिंगरे,

तीन पत्रं टाकली, एकाचं उत्तर नाही. तू मला न भेटता गेलीस. मी फाटकापर्यंत आलो होतो. तुझी पाठ होती, घोडी पिंपात तोंड घालून पीत होती, पाठोपाठ दुसरं पिंप उघडलंस तू. मला पुढे यायचा धीर झाला नाही.

डॉक्टरांनी तुला काय सांगितलं ते त्यांनी मला येऊन सांगितलं. खोटं बोलणार नाही. पाणी हा शब्द मीच घातला. तुझा विचार मनात नव्हता असंही म्हणत नाही.

पण माझी बाजू ऐक. अध्यक्षांनी मला खोलीत बोलावून विचारलं, यंदा बाहेरून कोण भारी आहे? मी अभिमानाने सांगितलं, माझ्या भाचीची घोडी. अभिमानाने, भिंगरे! ते म्हणाले, यंदा कप बाहेर गेला तर चिटणीस नवीन बघावा लागेल. मी साठीला आलो. राहतो ती खोली मैदानाची, जेवतो ते मैदानावर. नोकरी गेली तर जाऊ कुठे? त्यांनी विचारलं, काही उपाय आहे का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मला वाटलं होतं तू घोडी त्यांच्या नावावर करशील, म्हणजे घोडीही जिंकेल, तूही इथे येशील, माझ्याजवळ राहशील. मी सगळ्यांचं भलंच बघत होतो. तू हट्ट केलास.

आणि एक सांगतो, कोणाचं वाईट व्हावं असा नियम मी केलेला नाही. नियम सगळ्यांना सारखा होता. जावईबापूसुद्धा बाहेरचं पाणी प्यायले नाहीत.

ते जिंकले. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. करडी असती तर तिनेच कप नेला असता, हे मी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं. त्यांनाही ते पटलं. म्हणूनच विचारतायत, शर्यतीचं वय संपलं तरी तिचं एखादं शिंगरू मिळालं तर बघा. चांगला भाव देतील. रागात नाही म्हणू नकोस.

मी दर वर्षीसारखा सुट्टीत घरी येतोय. समोरासमोर बसलो की सगळं निवळेल. ताईला सांग, पंचवीस तारखेला संध्याकाळच्या गाडीने येतो, माझं अंथरूण वरच्या खोलीत टाकून ठेव.

मामा

*

१० डिसेंबर

तुझी चारही पत्रं मिळाली. पोरीने पहिली तीन फोडली नाहीत, चौथं फोडलं, वाचलं, आणि माझ्या हातात देऊन तबेल्यात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेले तर घोडीचे पाय चोळत बसली होती. तुला उत्तर मी लिहितेय, कारण ती लिहिणार नाही.

करडी बरी आहे. विचारलं नाहीस, तरी सांगते. शिंगरू झालं तर ते इथेच वाढेल.

नोकरीची भीती होती तर मला लिहायचंस. तू पोरवयात आमच्या दारात आलास तेव्हा तुझ्याजवळ काय होतं? तुझ्या भाऊजींनी तबेल्याच्या माडीवर तुला खोली बांधून दिली, काम शिकवलं, आणि त्या मैदानावर तुझ्यासाठी शब्द टाकला. आयुष्यभर कडेला उभे राहिले, पण तुला आत बसवून आले. तुझी नोकरी गेली असती तर ती खोली होतीच. ताई, मी घाबरलोय, एवढं एक वाक्य तुला लिहिता आलं नाही, आणि पोरीला मात्र म्हणालास, सगळं लिहून पाठव.

पोरगी विचारत होती लिहू का, तेव्हा मीच म्हटलं होतं, मामाला नाही सांगायचं तर कोणाला. याचं मला जे वाटतं ते मी तुला सांगणार नाही. ते ऐकायचा तुझा हक्क आता राहिला नाही.

तू लिहितोस, नियम सगळ्यांना सारखा होता. बरोबर आहे. मला कमिटी नाही, अध्यक्ष नाहीत, पण घर माझं आहे, तेव्हा मीही एक नियम केलाय. पोरीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ज्याने तिच्याविरुद्ध वापरली, त्याने या घराची पायरी चढायची नाही. अंथरूण टाकणार नाही. गाडीला कोणी येणार नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. नियम सगळ्यांना सारखाच आहे. लागू तेवढा तुला एकट्याला होतो.